बिनमिठाची कोळंबी

सांतोनं कोळंबीची डोकी मोडली आणि ओंजळीत धरून कचऱ्याच्या बादलीकडे नेली, तोच मागून सासूचा आवाज आला.

"टाकलीस तर बघ!"

कोन्सोर्सिया म्हातारी दाराजवळच्या बाकावर बसली होती. अंगात बाहेर जायचे कपडे, मांडीवर बांधलेली पिशवी. सातच्या बोटीनं तिचा मुलगा देलफिन तिला बाकोलोद शहरात नेणार होता, कायमची. तिचं ब्लडप्रेशर मध्यंतरी फारच वर गेलं, तेव्हा देलफिननं फोनवर साफ विचारलं होतं, बायको गेलेल्या माणसाच्या घरात आईचं पथ्यपाणी कोण बघणार? देलफिनचं खोटं नव्हतं. रोसेला वारल्यापासून सांतो सासूला डब्यातले मासे आणि सुकट खाऊ घालत होता. म्हातारीवर त्याचा जीव होता, पण जीव काही ताटात वाढता येत नाही.

"मग काय करू त्यांचं?"

"वाट, पाणी घाल, गाळ. डॉक्टरनं मीठ बंद केलंय रे, चव नाही बंद केली!"

सांतोनं डोकी खलबत्त्यात घातली. गाळणीतून केशरी पाणी भांड्यात उतरलं. मीठ नाही, नारळाचं दूध नाही, खारवलेला जवळा तर नावालाही नाही. मग तो परसात गेला आणि हाताला लागेल ते घेऊन आला. कुंपणाजवळच्या बिलिंबीची चार आंबट फळं, गवती चहाची जुडी, शेवग्याचा मूठभर पाला. आल्याचा एक सुकलेला तुकडा फळीवर सापडला, तोही ठेचून टाकला.

"कोळंबीला औषध देतोयस का?" म्हातारी म्हणाली.

"तुम्ही बसा हो आई गप्प. आजच्या दिवस माझं ऐका."

म्हातारीनं मांडीवरची पिशवी नीट केली.

पाणी उकळलं. करडी कोळंबी त्यात पडली आणि बघता बघता गुलाबी झाली. बाहेरचं आभाळही तेव्हा त्याच रंगाचं होतं. खिडकी उघडी होती, तरी वाफ बाहेर जायचं नाव घेईना. ती छपराखाली फिरली, खुंटीवरच्या रोसेलाच्या एप्रनपाशी गेली, म्हातारीच्या केसांवर थांबली. वास ओळखीचा होता, रोसेलाच्या हातच्या रश्श्याचा. म्हातारीनं डोळे मिटून घेतले, सांतो पळी धरून तसाच उभा राहिला. कुणी बोललं असतं, तर स्वयंपाकघरातलं तिसरं माणूस उठून गेलं असतं.

मग त्यानं दोन ताटं मांडली. म्हातारीनं पिशवी खाली ठेवली आणि हात धुऊन बसली.

सांतोचा डोळा ताटाच्या कडेवर होता. जेवण चालू असताना कुणी घरातून निघालं, तर बसलेल्यांनी आपापलं ताट गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. या बेटावर हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. रोसेलाला दवाखान्यात नेलं त्या पहाटे कुणीच जेवत नव्हतं. आज तो जेवत होता, आज ताट होतं, आणि ते फिरवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. राहा म्हणायचं होतं त्याला. पण कुठल्या नात्यानं म्हणणार? ज्या मुलीमुळे नातं होतं, तीच राहिली नव्हती.

बाहेर तीनचाकीचा भोंगा वाजला. सांतोनं ताटाच्या कडेला हात लावला.

"आई, चल!" देलफिन दारातूनच म्हणाला. "बोट थांबत नाही."

"मग तू नीघ."

"आणि तू?"

"डोळे कुठे ठेवून आलास? जेवतेय मी."

देलफिननं पिशवीकडे पाहिलं, मग सांतोकडे. पुढे येऊन त्यानं पातेल्यातला रस्सा पळीनं चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी आहे."

"नाहीच आहे," म्हातारी म्हणाली. "पुढच्या खेपेला येशील तेव्हा तुला वेगळं काढू."

देलफिननं वाकून, तिकडच्या नमस्काराच्या रीतीनं, आईचा हात कपाळाला लावला. कोळंबीचा रस्सा त्याच्या कपाळाला लागला, तो त्यानं पुसला नाही. जाता जाता सांतोच्या खांद्यावर थाप मारून गेला.

तीनचाकी सुरू झाली. सांतोचा हात अजून ताटाच्या कडेवरच होता. म्हातारीनं आपलं ताट सावकाश फिरवलं, पुरता एक फेरा, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बघत काय बसलास? फिरव की. लेक चाललाय माझा."

सांतोनं फिरवलं. इतक्या घाईनं, की रस्सा टेबलावर सांडला.

"सांडलास ना?" म्हातारी म्हणाली. "उद्या पाणी कमी घाल."