वडिलांनी सांगितलं

“नऊ वर्षांची पोर आहे. तिच्या डोक्यात हे आपणहून येणार नाही,” असं म्हणत संडे स्कूलच्या बाईंनी पेपर पुढे सरकवला.

कुलूपकाकांनी चष्मा लावला. प्रश्न साधा होता, देव आपली प्रार्थना का ऐकतो? खाली टपोऱ्या अक्षरात उत्तर होतं : ‘देव ऐकत नाही. आपण आपलं बोलून मोकळं व्हायचं. हे मला वडिलांनी सांगितलं.’

काकांनी सुस्कारा सोडला. एकोणीस वर्षं ते मंडळीचे, म्हणजे चर्चच्या लोकांनी निवडलेले, वडील होते. पाळक यायचे, बदलून जायचे. दार राखायचं काम मात्र यांच्याच गळ्यात. तेलाच्या बाटलीने दुखणी बरी करणारा, जगबुडीची तारीख सांगणारा, स्वतःलाच प्रेषित म्हणवणारा, अशा कितीजणांना त्यांनी गाशा गुंडाळायला लावला होता. म्हणून तर लोक माघारी त्यांना कुलूपकाका म्हणायचे आणि आपल्याला कळत नाही असं काका दाखवायचे. आता मात्र जीव विटला होता. आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून खुर्चीतून उठायचंही जिवावर यायचं.

पण इथे उठणं भाग होतं. मुलीचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दर गुरुवारी त्याच्या घरी बायबलचा वर्ग भरायचा. पंधरा माणसं त्याचा शब्द झेलायची. तोच असलं काही शिकवत असेल तर सगळंच मुसळ केरात.

संध्याकाळी काका त्याच्या घरी गेले. तो नुकताच कामावरून आला होता, हाताचं ग्रीस अजून निघालं नव्हतं. त्याने पेपर कडेने धरून वाचला. एकदा वाचला, परत वाचला.

“मी असं कधी बोललेलो नाही, काका.”

“मग पोरीने खोटं लिहिलं?”

“ती खोटं लिहीत नाही.” तो उठला. “एक मिनिट, तिला विचारतो.”

आतून मुलीचा बारीक आवाज आला, मग त्याचा. काका भिंतीकडच्या मांडून ठेवलेल्या खुर्च्या मोजत बसले. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. चांगला माणूस होता हा. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात राबायचा आणि एका गुरुवारसाठी आठवडा ढकलायचा.

तो बाहेर आला. काकांकडे बघत राहिला.

“काका, जेवण वेळेवर होतं का हो तुमचं?”

“विषय बदलू नका. काय म्हणाली?”

“माझंच चुकलं असेल,” तो म्हणाला. “थकल्यावर माणूस काहीबाही बोलून जातो. पोरं ते धरून बसतात.”

“म्हणजे कबूल?”

“लिहून घ्या तसं.”

“वर्ग बंद करावा लागेल. रविवारी सगळ्यांसमोर सांगावं लागेल. कळतंय ना?”

“कळतंय. चहा घेऊन जा.”

काकांनी चहा घेतला नाही. एरवी असा कबुलीजबाब मिळाला की त्यांना हायसं वाटायचं. आज वाटलं नाही. परतताना त्यांची पावलं जड पडत होती.

रविवारी पाळकांनी ठराव वाचून दाखवला. लिफ्टवाला मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको शेवटच्या प्रार्थनेआधीच निघून गेली. वर्गातल्या पंधराजणांपैकी एकानेही त्याच्याशी हात मिळवला नाही.

मुलगी बाहेर पायरीवर एकटीच बसली होती. काका गुडघे धरत तिच्याशेजारी टेकले.

“पप्पांवर रागावू नकोस हं, बाळा. माणूस मनाने चांगला आहे. शिकवताना चुकला, एवढंच.”

“पप्पांनी काय शिकवलं?”

“देव ऐकत नाही, असं. तूच लिहिलंस ना?”

मुलगी चपलेचा बंद ओढत राहिली.

“पप्पा म्हणाले, यावर काही बोलायचं नाही.”

“मी कुणाला सांगणार नाही. तू लिहिलंस ना, वडिलांनी सांगितलं म्हणून?”

“हो. पण पप्पांना कोण वडील म्हणतं?” ती म्हणाली. “काकूंना पुरलं त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला आले होते, मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना केली म्हणून. तेव्हा तुम्हीच तर म्हणालात.”