मागची बंगई

आमचं घर नाचणगावात, ऑफिस पुण्यात. मीटिंगला मी वर इस्त्रीचा कुर्ता घालते, खाली घरातला पायजमा; कॅमेऱ्याला काय कळतंय! मागचा पसारा दिसू नये म्हणून माणूस सोडून बाकी सगळं धूसर करणारं बटण दाबते. कपाट, टॉवेल, भिंत, सगळं पुसट होतं.

बंगई तेवढी होत नाही. तो रिकामा झोपाळा पितळी कड्यांसकट माझ्याइतकाच स्वच्छ दिसतो.

मला ते आवडायचं. साहेबसुद्धा म्हणायचे, "नमिता, झोपाळा शोभून दिसतो हं." फक्त बोलताना कपाळावर येणारी बट मला काही आवरायची नाही.

आज मी रंगात येऊन बोलले. बोलणं संपवून हेडफोन काढला, तर सासूबाई दारात उभ्या.

"बंगई काऊन थांबली वो? रोज तर तुयी मीटिंग संपेपर्यंत करकरत राह्यते."

मी स्क्रीनकडे पाहिलं. बंगई धूसर झाली होती.

मग माझ्या कपाळावरची बट सावकाश उचलली गेली आणि अगदी मायेनं कानामागे बसली. माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते.