श्वास होता का?

बाप्तिस्मा झालेल्या बाळालाच चर्चच्या दफनभूमीत जागा मिळे, म्हणून पाद्रीबाबा फाटक न उघडता उभे होते. ते कुंभारी गावाला गेले असताना मारियाबाई बाळंत झाली होती. अशा अडल्या वेळी हिंदू सुईणीनं डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले तरी चालतं, फक्त बाळात जीव हवा, हे त्यांनीच गोजरबाईला शिकवलं होतं.

"पाणी घातलंस तेव्हा श्वास होता?"

बाळाच्या बापानं, योसेफनं, हातातलं कापडात गुंडाळलेलं लेकरू छातीशी धरलं. गोजरबाईनं तिकडं बघायचं टाळलं. बाळ जन्मलं तेच निपचित. मारियाबाई गोजरबाईचा पदर सोडेना, म्हणून तिनं पाणी घातलं होतं.

"व्हता की."

"आणखी कुणी पाहिला?"

"बाळंतिणीच्या खोलीत सुईणीबिगर कोण असतंय, बाबा?"

"शपथ घेशील?"

तिचा हात गळ्यातल्या कवड्यांच्या माळेवर गेला. भवानीची खोटी शपथ घेऊन घरी देवीपुढं कोणत्या तोंडानं बसायचं?

"तुमच्या देवाची घिऊ, का माज्या?"

पाद्रीबाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी कुलपाला किल्ली लावली.

"आमच्याच देवाची घे. तो माफ करतो."