हासी हासी मारस

पहिलं कडवं संपलं तेव्हा सुगंधाबाईला स्टेजवरून पुढच्या रांगेत चिंधा दिसला. गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर गुलाल. धुळ्याच्या मंडळानं त्याला टोपी-नारळ देऊन आमदारासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसवलं होतं.

तीन वर्षांत तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पिंपळनेरहून ती जळगावला भावाकडे आली, ती मोडलेला डावा हात घेऊन. हात कोपरात वाकडाच सांधला. मिरचीच्या वखारीत देठं खुडताना ती आपल्याशीच जे गुणगुणायची ते निंबाभाऊनं ऐकलं. त्याचा बँड होता. कॅसिओ, गिटार, ड्रम, सगळं इलेक्ट्रिकवर. त्यानं तिला स्टुडिओत नेलं.

'चिंधा मना माले हासी हासी मारस.' माझा चिंधा मला हसत हसत मारतो, असं ती संथ म्हणायची. निंबाभाऊनं लय दुप्पट केली. ड्रमवाल्या वनानं गमतीनं प्रत्येक 'मारस'वर एक दणका घातला. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवालाही हसून लोळला आणि दणका कायम झाला.

"भाऊ, यामा हासाजोगं काय शे?" तिनं विचारलं होतं.

"लोके हासतीन तव्हयच ऐकतीन, ताई."

तिला ते पटलं होतं. गाण्यातलं नाव तेवढं बदलू नका, एवढंच तिनं मागून घेतलं. अख्ख्या खान्देशाला कळू दे, त्याला तोंड दाखवायला जागा राहू नये, असं तिच्या मनात होतं.

कळलं खरं. कॅसेट निघाली आणि त्या उन्हाळ्यात या गाण्यावाचून एक वरात हलली नाही. दणका आला की पोरं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालून नाचायची. पिंपळनेरच्या स्टँडवर लोक चिंधाला बोटानं दाखवू लागले आणि बोलावून चहा पाजू लागले. गाण्यातला चिंधा तो हाच, म्हणून दोन गावांहून त्याला मुली सांगून आल्या. हे तिला भावानंच सांगितलं, आणि सांगताना तोही थोडा हसला.

आता निवेदकानं चिंधाला स्टेजवर बोलावलं. टाळ्या थांबेनात. तो सुगंधाबाईशेजारी येऊन उभा राहिला. तिनं निंबाभाऊकडे पाहिलं. त्यानं मानेनंच गा म्हणून खुणावलं.

दुसरं कडवं मोडलेल्या हाताचं होतं. दणक्यासरशी चिंधानं हात उगारला आणि तिच्या गालाजवळून हवेत फिरवला. मैदान हसून वाकडं झालं. बायकांच्या बाजूला पदर तोंडाला गेले. चिंधाला हुरूप आला. दर दणक्याला तो हात आणखी वरून आणू लागला. त्याच्या तोंडाला तोच दारूचा वास होता. त्या वासासरशी ती आपोआप मान खाली घालायची. तशीच घातली, आणि लोकांना वाटलं, बाई झकास नाटक करते.

तिसऱ्या कडव्याला हात खरंच लागला.

वनाच्या काठ्या थांबल्या. गिटारवाल्याचा हातही तारांवर राहिला. सुगंधाबाईनं मात्र सूर सोडला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कान वाजत होता, ओठ आतून फाटला होता आणि तिच्याच संथ चालीवर येऊन ती गात होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या गाण्याचे शब्द मोकळेपणी ऐकू आले. हजार-दोन हजार माणसं गप्प झाली. तिला वाटलं, कळलं.

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली. "वन्स मोअर," एकजण म्हणाला, आणि पाठोपाठ सगळं मैदान तेच म्हणू लागलं.

निंबाभाऊनं कॅसिओवरून मान न वळवता सांगितलं, "वना, ठेका चुकना तुना. पहिलेपाईन घे."

वनानं काठ्या उचलल्या. चिंधानं गळ्यातला हार नीट केला आणि हात वर नेऊन तो ठेक्याची वाट बघत उभा राहिला.