उलट्या हातानं

मारेगावच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकापुढे ट्रेलर उभा करून तारिक पंधरा मिनिटं टायरला लाथा मारत होता. अठराच्या अठरा टायर नवे होते. एकालाही काही झालं नव्हतं. त्याला फक्त वेळ काढायचा होता.

नेरच्या तारिकनं बावीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले होते. अकरा दिवसांपूर्वी त्यानं स्वतःचा ट्रेलर घेतला. मालक तोच, ड्रायव्हरही तोच. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. आणि त्याला हा ट्रेलर मागे घेता येत नव्हता. साधा ट्रक सांगाल तसा मागे जातो. ट्रेलर मधे जोडलेला. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की त्याची शेपूट डावीकडे पळते. अकरा दिवस तारिकनं मोठ्या हुशारीनं काढले. ज्या ढाब्याला दोन वाटा, तिथेच तो जेवला. बायको फरहाना म्हणाली, गाडी दारात आणा. तर नव्या गाडीला नजर लागते असं सांगून त्यानं ती पेट्रोल पंपावरच ठेवली. नवऱ्याचं हे जपणं तिला फार आवडलं.

आज मात्र वाट एकच होती आणि तीही उलटी: फाटकातून आतल्या माल चढवायच्या फलाटापर्यंत मागे मागेच जायचं. मॅनेजर सदाशिवराव फाटकात उभे होते. त्या वर्षी कापसाचे भाव असे पडले होते, की तालुक्यातल्या निम्म्या जिनिंगांना कुलूप होतं. ही एक चालू होती. मागच्या ट्रेलरवाल्यानं भिंत पाडली, तेव्हापासून सदाशिवरावांचा नियम होता: ज्याची गाडी न घासता फलाटाला लागेल त्याला सीझनभर कापसाच्या गाठी वाहायचं काम, बाकीच्यांनी फिरकू नये. तारिकचा अख्खा सीझन त्या फाटकात अडला होता.

बघणाऱ्यांना तोटा नव्हता. कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची लाईन रस्त्यापर्यंत आली होती. तीन दिवस बसून लोकांच्या गप्पाही संपल्या होत्या. समोरच्या टपरीवर दिग्रसचे गुलाबसिंग आणि बाबूसिंग हे भाऊ चहा पीत होते. त्यांचे दोन ट्रेलर कालपासून रस्त्याच्या कडेला उभे होते. इंजिन गरम झालं म्हणे.

“काय नवरदेव,” गुलाबसिंग म्हणाला, “बोहल्यावर चढाले लाजता काहून?”

सगळे हसले. तेवढ्यात लाईनीत एक बैल बिथरला आणि मागे सरका, मागे सरका असा ओरडा झाला. बैलामागच्या ट्रॅक्टरवर भागीरथाबाई होत्या. पन्नाशीच्या. ड्रायव्हर परवडेना म्हणून दोन वर्षांपासून त्या स्वतःच ट्रॅक्टर चालवत. डाव्या हातात भाकरीचा तुकडा होता. उजव्या हातानं त्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि भरलेली ट्रॉली कडुनिंब आणि एका बैलगाडीच्या मधून सरळ मागे नेली. भाकरी काही खाली ठेवली नाही.

तारिकनं टायरवरचा पाय काढला. ट्रॉलीसुद्धा मधे जोडलेलीच असते, हे इतक्या दिवसांत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“गाडी एकदम सोपी हाय,” तो लाईनीकडे वळून मोठ्यानं म्हणाला. “मीच पाहिजे असं काही नाही. ह्या मावशी बी मागं घेतीन. लावता पैज? हरलो तं सगळ्या लाईनीले माह्याकडून चहा.”

“अन् जिंकला तं माह्याकडून,” गुलाबसिंग म्हणाला.

“भिंत पडली तं?” सदाशिवरावांनी विचारलं.

“बांधून देतो, साहेब.” तारिकनं लगेच चावी पुढे केली.

भागीरथाबाईंनी पदराला हात पुसले. “बसून बसून कंबर धरली. चाल बावा, पाहू दे तुही गाडी.”

त्या प्लास्टिकवर बसल्या. तारिकनं शेजारी बसून गिअर दाखवला, ब्रेक दाखवला. “स्टिअरिंग तं लोण्यावानी हाय,” असं म्हणून त्यांनी आरशात पाहिलं, मग खिडकीतून मान बाहेर काढली. ट्रेलर हळूहळू मागे सरकू लागला. त्या डावीकडे फिरवत होत्या, शेपूट उजवीकडे वळत होती. फाटक आलं. दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा होती.

“तुले येत नाही ना?” त्यांनी मान न वळवताच विचारलं.

“हळू बोला, मावशी. काच खाली हाय.”

“मले बी येत नव्हतं. दोन कुंपणं पाडली म्या.”

तारिकला लाज वाटली. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

ट्रेलर फलाटापासून वीतभर अंतरावर थांबला. सदाशिवरावांनी मधे हात घालून पाहिलं आणि वहीत गाडीचा नंबर लिहिला. “सीझन तुमचा. यवतमाळच्या गोदामात रोज एक खेप. उद्या सकाळी आठले या.”

लाईनीनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या त्या गुलाबसिंगनं, आणि पैज हरूनही तो खुशीत चहा सांगायला धावला. तारिकचं मात्र ‘रोज’ या शब्दापाशीच अडलं होतं.

गाठी चढेपर्यंत त्यानं धीर धरला. मग चहाचा दुसरा ग्लास घेऊन तो भागीरथाबाईंच्या ट्रॅक्टरपाशी गेला.

“मावशी, उद्या आठले जरा...”

वाक्य पुरं व्हायच्या आत ट्रॉलीच्या मागून गुलाबसिंग आणि बाबूसिंग आले. गुलाबसिंगनं आजूबाजूला पाहिलं. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

“मावशी, आमच्या बी दोन गाड्या हायेत. इंजिन काही गरम नाही झालं.”

भागीरथाबाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चहा निवांत संपवला आणि ग्लास तारिकच्या हातात दिला.

“लाईनीत लागा,” त्या म्हणाल्या.