गेटावरचा स्पीडब्रेकर

"एवढ्या हौसेने गाडी खाली घेतलीत, आणि आता पुन्हा जुन्याच स्प्रिंगा?" गॅरेजवाले मुल्लाणी म्हणाले. मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

नव्या आखूड स्प्रिंगांवर दोन इंच खाली आलेली गाडी, अठरा इंची अलॉय व्हील्स. वाघीण दिसायची. फक्त शेजारी कुणी बसलं, की सोसायटीच्या गेटावरच्या स्पीडब्रेकरला तिचं बूड घासायचं. पहिल्यांदा घासलं तेव्हा मी वडिलांवरच खेकसलो, "जरा उतरता येत नाही का, अप्पा?"

तेव्हापासून ते दरवेळी न सांगता उतरायचे. दुखरे गुडघे धरत स्पीडब्रेकर ओलांडायचे आणि पलीकडे पुन्हा बसायचे. "तेवढेच पाय मोकळे होतात," म्हणायचे. माझ्या सोयीचं होतं, म्हणून मला ते खरंही वाटायचं.

गेल्या महिन्यात अप्पा गेले. त्या दुपारी त्यांच्या छातीत कळ आली, अंग घामाने थबथबलं, तोंडून शब्द फुटेना. कसंबसं त्यांना पुढच्या सीटवर बसवून मी गाडी दवाखान्याकडे दामटली.

गेटाशी वेग जरा कमी झाला, तेवढ्यात अप्पांचा हात दाराच्या हँडलकडे गेला.