ठसका

कॅमेरा बाकावर आला तसा मोहिनीच्या हातातला खिचडीचा घास वाटीतच राहिला. नारिंगी जाकिटातला तिसरा, तो अश्विन. तिचा नवरा. पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून बसला होता.

"दिसला, दिसला!" धुरपताबाई, तिच्या सासूबाई, लगबगीने उठल्या. मुठीत मीठ-मिरच्या तयारच होत्या. टीव्हीजवळ जाऊन त्यांनी लेकावरून मूठ उतरवायला घेतली. दोनदाच फिरली. तोवर कॅमेरा परत मैदानावर गेला.

"बाकावर बसल्याले कोनाची नजर लागते व?" खाटेवरून सासरे, रूपराव, म्हणाले. "सालभर बसूनच तर हाये तो. यापरीस आपल्या वडनेरच्या पानठेल्यावरचं बाक काय वाईट होतं?"

"लागलीच तं तुमची लागन." धुरपताबाईंनी मागच्या पडवीतल्या चुलीत मूठ रिकामी केली. घरभर धूर झाला. रूपराव खोकले, मोहिनी खोकली, तिच्या मांडीवरच्या लेकीला, रेवूला, शिंका आल्या.

"आला ठसका," धुरपताबाई समाधानाने म्हणाल्या. "ठसका आला म्हंजे नजर नाई."

देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगच्या सीझनमधली ही शेवटची मॅच. संघाचा पहिला गोलकीपर एल्टन, गोव्याचा. अश्विन दुसरा. अख्ख्या सीझनमध्ये तो एकदाही मैदानात उतरला नव्हता, आणि करार या सीझनपुरताच होता. एकही मॅच न खेळलेल्या गोलकीपरला पुढच्या वर्षी कोणता क्लब बोलावणार, हे मोहिनीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"त्याचा नंबर कधी लागते?" धुरपताबाई दर मॅचला विचारत. दर शनिवारी मारुतीला तेल वाहत, ते त्या नंबरासाठीच. "लागेल, आई," मोहिनी म्हणे. दुसऱ्या गोलकीपरचा नंबर कसा लागतो, ते मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं.

आज तिचं बॉलकडे लक्षच नव्हतं. ती एल्टनचा उजवा गुडघा पाहत होती. गोल किक तो स्वतः मारत नव्हता, डिफेंडरला मारायला लावत होता. बॉल अडवायला उडाला, तो डाव्या पायावर उतरला. पुन्हा उडाला, पुन्हा डाव्यावरच. मोहिनी टीव्हीच्या जवळ सरकली. रेवूने केव्हाचा आ केला होता. घास येत नव्हता.

हाफटाइमला फोनवर मेसेज आला. जॉस्लिनचा. एल्टनची बायको. क्लबच्या फ्लॅटमध्ये दोघी समोरासमोरच्या दारांत राहिल्या होत्या, रेवू तिच्याच स्वयंपाकघरात पहिल्यांदा रांगली होती. "एल्टन ठीक लग रहा है ना? मुझसे देखा नहीं जा रहा, मैंने टीवी बंद कर दिया."

मोहिनीने मेसेज दोनदा वाचला. मग लिहिलं, "हां, एकदम ठीक."

आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला. गर्दीतून एल्टन वर उडाला, बॉल त्याने बाहेर ढकलला. या वेळी उजव्या पायावर उतरला. मग उठलाच नाही.

"अश्विन! अश्विन जाकीट काढून राह्यला!" रूपराव खाटेवरून उठून उभेच राहिले. "पाह्य व, लागला नंबर! लागला माह्या पोराचा नंबर!"

धुरपताबाई पुढे आल्या. पण त्या अश्विनकडे पाहत नव्हत्या. पडद्यावर एल्टन हातमोजा दातांत धरून पडला होता, चौघे त्याला स्ट्रेचरवर घेत होते.

"याले काय झालं?"

"गुडघा गेला वाटतं, आई."

"म्हून आपला चालला?"

"हो."

"असा लागते काय नंबर?"

 मोहिनी रेवूचं तोंड पदराने पुसत राहिली.

"तुले मालूम होतं?"

"हो, आई."

धुरपताबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग आत गेल्या आणि नवं मीठ, नव्या मिरच्या घेऊन आल्या.

"आता उतरव, आता आपला पुरा दिसून राह्यला," रूपराव म्हणाले. अश्विन वाकून गोलरेषेला हात लावत होता.

धुरपताबाईंची मूठ पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात फिरत होती. स्ट्रेचर जसं सरकलं तशी मूठ सरकली. स्ट्रेचर बाहेर गेलं, तिथे ती थांबली.

"त्याची माय पाहून राह्यली असन," त्या म्हणाल्या आणि पडवीकडे गेल्या.

मोहिनी रेवूला कडेवर घेऊन मागोमाग गेली. मिरच्या निखाऱ्यावर पडल्या, मीठ तडतडलं, काळा धूर वर आला. मोहिनीने मुद्दाम दीर्घ श्वास ओढला. रेवू शांतपणे जाळ पाहत होती. खोकला आला नाही. कोणालाच नाही.

"पाह्य," धुरपताबाई म्हणाल्या, "होती त्या पोराले नजर. कोनाची का असेना."

आतून रूपराव ओरडले, "अडवला! अवं या, अश्विननं अडवला!"

मोहिनी चुलीजवळून हलली नाही.

"अजून एक मिरची टाका ना, आई," ती म्हणाली.